आईचं तिकीट

नल्लकुंटा, हैदराबाद
३० जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास,
प्रियाचा नमस्कार.

"तीर्थरूप" वाचून हसला असशील. हस खुशाल. आईनं लहानपणी पत्राचा मायना असा घोटून घेतला होता की मोठ्या भावाला दुसरं काही लिहायला हात धजत नाही. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्ही तिघं बरे असाल, असं पुढे लिहायची पद्धत आहे. तुम्ही तिघं बरे असाल.

तू म्हणशील, व्हॉट्सॲप सोडून ही बया कागद का काळे करतेय? सांगते. आपल्या घरात तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर टाकून टीपॉयवर मधोमध ठेवतात. मी बाहेरून केला तर तू दुसऱ्या मिनिटाला "मीटिंग आहे, थोडक्यात सांग" म्हणतोस. हे थोडक्यात सांगता येत नाही रे. तुझं मराठी वाचन मला ठाऊक आहे, पेपरातलं शीर्षक वाचायला तुला बोट लागायचं. बरंच आहे ते. सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच. मधेच उठून घरी फोन लावू नकोस, एवढी शपथ घालते.

हे मी विद्यानगरला, आमच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसून लिहितेय. तुझा मित्र अभिजीत रविवारी डॅलसला परत निघालाय. आई त्याच्याबरोबर पार्सल देतेय: मेतकूट, डिंकाचे लाडू, छोटीची टोपडी. पत्र त्या पार्सलात घालायची सोय नाही, कारण आई ते रोज सोडते आणि काय काय भरलंय ते बघून पुन्हा बांधते. म्हणून अभिजीतच्या हातात देणार.

छोटीचा जांभई देतानाचा फोटो आईनं अख्ख्या बिल्डिंगला दाखवला. इंदुताईंना तर इतक्यांदा दाखवला की त्या आता मोबाइल दिसला की आधीच "गोड आहे हो" म्हणून मोकळ्या होतात. ईशावहिनीची तब्येत कशी आहे? तिच्या आई मार्चमध्ये पुण्याला परतणार आणि त्यांच्या जागी आपली आई येणार, वहिनी कामावर रुजू होणार, हे सगळं पक्कं आहे ना? तिकीट तू काढलंयस, बाबांनी त्याची प्रिंट काढून देवघरात ठेवलीय. 

आता मी स्पेनबद्दल लिहिणार आहे. "हे काय मधेच?" म्हणू नकोस. परत आल्यावर तू विचारलंस, कसं होतं स्पेन, आणि मी म्हटलं, मस्त. सगळ्यांना तेच सांगितलंय. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे.

भाषेच्या कोर्सचे चार महिने सालामांकाला मी ज्यांच्या घरी राहिले ते दोघंच होते, पिलार आणि तिचा नवरा आन्सेल्मो. दोघंही सत्तरीचे. पिलार म्हणजे काय बाई होती सांगू! पहिल्या दिवशी मी मांस खात नाही म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी मसुराचं वेगळं भांडं चढवायला लागली. मला "इहा" म्हणायची, म्हणजे "पोरी". थंडी सुरू झाली तसा स्वतःचा लोकरीचा गाऊन माझ्या अंगावर टाकला. बाहीत माझे हात दिसेनात, तर पोट धरून हसली. मला तिथं घरची आठवण आली नाही असं नाही, पण रडले नाही, ते तिच्यामुळं.

आणि भाषा तिनं शिकवली मला. वर्गात मी ठार गप्प. घरी आले की पिलार स्वयंपाकघरात बसवायची आणि गोष्ट सांगायची. तिच्या गावच्या जत्रेला बँडवाले यायचे होते, त्यांचा ट्रक चिखलात रुतला, तर ते तिथंच रस्त्यात उतरून वाजवायला लागले, गाव तिकडं गेलं आणि सगळे चिखलात नाचले. तिथंच तिला आन्सेल्मो भेटला. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला "चिखल" तेवढं कळलं. मग ट्रक कळला, मग बँड, मग सगळंच. ऑक्टोबरात आमच्या मॅडम म्हणाल्या, तुझं ऐकून समजणं एकदम कसं सुधारलं? मी ऐटीत म्हटलं, घरी सराव होतो. मला वाटायचं, माझ्यासाठी सांगते बिचारी पुन्हा पुन्हा.

एक दिवस मला मस्करी सुचली. तिनं गोष्ट सुरू केली आणि पुढचं वाक्य मीच म्हटलं, तिच्याच हातवाऱ्यांसकट. वाटलं हसेल. ती थबकली. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं गं हे?" मी खो खो हसले. मग आन्सेल्मोकडं बघितलं. तो हसत नव्हता.

त्या दिवसापासून मला दिसायला लागलं. ती मीठ घालायची, की हा मागून चव बघून घ्यायचा. ती बाहेर निघाली की किल्ली हा तिच्या खिशात सरकवायचा. कुणी तिला काही विचारलं की उत्तर हा द्यायचा, ते इतक्या सहज की वाटावं, माणूस जरा बडबड्या आहे. त्यांची मुलगी दर रविवारी यायची. तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. घर चकाचक, जेवण गरम, आई हसतमुख. रविवारची तयारी आन्सेल्मो शनिवारपासून करायचा.

नोव्हेंबरात एका शनिवारी मुलगी तिच्या पोराला सोडून कामाला गेली. उगो त्याचं नाव, तीन वर्षांचा. आन्सेल्मो औषधं आणायला गेला होता. पिलार म्हणाली, पाव घेऊन येते, आणि उगोला बोटाला धरून खाली गेली. मी अभ्यास करत बसलेले. थोड्या वेळानं ती आली, पाव टेबलावर ठेवला, माझ्यासमोर बसली आणि गोष्ट सांगायला लागली. बँड, ट्रक, चिखल. दादा, मी त्यातली दोन-तीन वाक्यं ऐकलीसुद्धा, मान डोलावली. मग विचारलं, "उगो कुठाय?"

ती म्हणाली, "कोण उगो?"

अगदी शांतपणे म्हणाली. एखाद्या परक्या माणसाबद्दल आपण विचारू, तसं. मी अनवाणी धावले जिन्यावरून. बेकरी आणि घर यांच्या मधे मोठा रस्ता आहे, बसगाड्या जातात. सापडला तो. बेकरीवालीनं त्याला काउंटरवर बसवून हातात पावाचा तुकडा दिला होता आणि तो मजेत चघळत होता. त्याला काही झालं नव्हतं. मलाच रडू आवरेना. ती बाई मला पाणी देत होती.

आन्सेल्मोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मुलीला सांगायचं नाही. मी हो म्हटलं. पण तीन वर्षांचं पोर गप्प बसतंय थोडंच? संध्याकाळी त्यानं आईला सांगितलं, आजी मला सोडून गेली. आन्सेल्मो लगेच म्हणाला, छे, मी होतो की तिथं, मीच म्हटलं ठेव त्याला माझ्याजवळ. डोळ्याची पापणी लवली नाही त्याची. मुलगी माझ्याकडं वळली. "तू घरी होतीस ना? खरं सांग."

मी सांगितलं. मोडक्या तोडक्या स्पॅनिशमध्ये, जमेल तसं. बँडच्या गोष्टीपासून पावापर्यंत.

आन्सेल्मो त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. ताट वाढायचा, दार उघडायचा, बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "इतकी वर्षं मी तिला सांभाळलं, आणि तू चार दिवसांची पाहुणी." मुलीनं आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, दोन-तीन वर्षांचं आहे, आधी यायला हवं होतं. मी निघाले त्या सकाळी माझी बॅग दारात होती. पिलारनं ती बघितली, दोन्ही हात पसरून माझ्याकडं आली आणि म्हणाली, "ये इहा, ये. रस्त्यात त्रास नाही ना झाला?" मी तिच्या गळ्यात पडून म्हटलं, नाही झाला.

हे मी घरी कुणाला बोलले नाही. बोलणार होते. आल्या आल्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगायचं, असं विमानात ठरवलं होतं. मग घरी आले, आणि सांगण्याची हिंमत होईना. 

तू हुशार आहेस दादा. तुला आतापर्यंत कळलं असेल मी कुठं चाललेय. तरी लिहिते, कारण न लिहून चालणार नाही.

डिंक. ईशावहिनीच्या लाडवांसाठी आई बेगम बाजारला गेली आणि डिंक आणि खारीक घेऊन आली. दोन दिवसांनी पुन्हा गेली, पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. मी डबा उघडून दाखवला तर म्हणाली, "असू दे की, तुला पण होतील तुझ्या बाळंतपणात." आम्ही हसलो. तिसऱ्या वेळी यायला अंधार पडला होता आणि तिला तिथला एक रिक्षावाला सोडून गेला. बाबा मला म्हणाले, रस्ता खोदलाय तिकडं, कोणीही चुकेल. ज्या बाजारात ती लग्न झाल्यापासून जातेय, तिथं! मी नंतर जाऊन बघून आले. रस्ता कुठंही खोदलेला नव्हता.

आणि आता हळदीकुंकू. त्याचे फोटो तू बघितलेस, हिरवी पैठणी नेसलेली आई, मागं तिळगुळाची परात. त्यावर तू बदामाचं चिन्ह पाठवलंस. ते झालं संक्रांतीनंतरच्या रविवारी. छान झालं. पुढच्या रविवारी, सव्वीस जानेवारीला, मी अंघोळ करून केस वाळवत होते, आई घरातल्या साडीवर भाजी निवडत होती. दुपारी दारावर बेल. उघडते तर इंदुताई, समोरच्या अनुराधागारू, खालच्या मजल्यावरच्या तिघी, सगळ्या नटून, गजरे माळून. आई बाहेर येऊन म्हणते, "अय्या, आज कसं काय सगळ्याजणी?"

इंदुताई म्हणाल्या, "अगं पद्मावती, तूच तर काल दारोदार येऊन बोलावून गेलीस. हळदीकुंकवाला या म्हणून."

आई एकेकीच्या तोंडाकडं बघत होती. तिला आठवत नव्हतं. आणि आठवत नाही हे तिला कळत होतं, तिच्या ओठांवरून मला दिसलं ते. तेवढ्यात बाबा आतून आले, शर्टाची बटणं लावत. "हौ हौ, या की, या! आम्हीच बोलावलं. नातीची पहिली संक्रांत ना, तिकडं डॅलसमध्ये कोण करणार बोरन्हाण? म्हटलं इथंच दुसरं हळदीकुंकू करू तिच्या नावानं." आणि मला डोळ्यांनी खुणावलं, पळ.

मी ओल्या केसांनी पळाले. कोपऱ्यावरच्या दुकानात तिळाच्या वड्या मिळाल्या, वाण म्हणून द्यायला फक्त प्लॅस्टिकच्या साबणदाण्या. आठवड्यापूर्वी आईनं स्टीलचे डबे दिले होते आणि आता साबणदाण्या! सगळ्यांनी कुंकू लावून घेतलं, ओटीतली बोरं घेतली, तुझ्या लेकीला आशीर्वाद दिले. अनुराधागारू तर म्हणाल्या, "चाला बागुंदी, फारच छान, असंच दरसाल दोनदा करा." जाताना इंदुताईंनी माझा हात दाबला, जोरात, आणि जिना उतरून गेल्या. सगळ्यांनी सांभाळून घेतलं रे. किती चांगली माणसं आहेत आपली. मला त्या चांगुलपणाचीच भीती वाटली.

सगळ्या गेल्यावर आई आरशापुढं बसून गजरा काढत होती. चेहरा असा उजळलेला. मला म्हणाली, "किती दिवसांनी गं हळदीकुंकू झालं आपल्याकडं."

मी गच्चीवर जाऊन बाबांना गाठलं. म्हटलं, बाबा, डॉक्टरकडं नेऊ तिला. ते चिडले. "वय झालं तिचं, तुला काय म्हातारपण कळतं? चार महिने परदेशात राहून आली आणि डॉक्टरीण झाली." मी पिलारचं सांगायला गेले तर म्हणाले, "त्या लोकांचं इथं आणू नको." मग आवाज एकदम खाली आणला. "संदेशला यातलं अक्षर सांगायचं नाही. घरात नवं बाळ आहे, पोरगा परेशान होईल. एकदा तिकडं गेली, नातीला मांडीवर घेतलं, की आपोआप ताळ्यावर येईल ती." बाबांचे डोळे लाल झाले होते. त्यांना कळत नाही असं नाही. तेच तर तिच्या पर्समध्ये आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवतात. मी बघितलीय.

तू म्हणशील, मी दर रविवारी बोलतो आईशी, मला तर ठणठणीत वाटते. दादा, नीट आठव. आई फोनवर फक्त विचारते. जेवलास का, थंडी किती आहे, छोटी झोपली का, वहिनीला दूध येतंय ना. सांगत ती काहीच नाही. तू काही विचारलंस की बाबा बोलतात. रविवारी फोनच्या आधी बाबा तिला सगळं पढवतात, अगदी आन्सेल्मोसारखं. आणि मीही तेच करायला लागलेय. काल तिनं भाजीला दुसऱ्यांदा फोडणी घातली, मी पटकन वाडग्यात काढून वर कोथिंबीर पेरली, बाबांना कळू नये म्हणून. बाबा मला कळू नये म्हणून सांभाळतात, मी बाबांना कळू नये म्हणून. आम्ही दोघं मिळून तिला इतकं छान सांभाळून घेऊ की तुला शेवटपर्यंत काही दिसणार नाही. मग मार्चमध्ये तू तिला विमानतळावर घ्यायला जाशील, आणि दुसऱ्या सोमवारी तू आणि वहिनी कामावर जाल, आणि घरात दोघीच उरतील.

मला भीती वाटते, दादा. आधी वाटायचं मीच उगीच घाबरतेय, स्पेनमध्ये बघितलं म्हणून इथंही दिसतंय. तू पण हेच म्हणशील, प्रियाचं नेहमीचं, राईचा पर्वत. मी स्वतःला तेच समजावत होते, परवा दुपारपर्यंत.

परवा बाबा बँकेत गेले होते. आई आणि मी मेथी निवडत होतो. ती अगदी नेहमीची आई होती, माझ्या काड्या फार जातात म्हणून मला ओरडत होती. मधेच थांबली. म्हणाली, "प्रिया, मला एक करशील का? संदेशच्या लेकीला माझ्या एकटीच्या हातात देऊ नका गं."

मी म्हटलं, आई, असं काय बोलतेस?

"मला काय होतंय ते मला कळायलंय. मधेच सगळं पुसल्यासारखं होतं. तिला कुठं ठेवलं तेच विसरले तर मी? कोण माफ करेल मला?" मग म्हणाली, "पण नाही कसं म्हणू? सुनेची आई एवढं करतेय. सगळ्या बिल्डिंगला सांगून बसले. तुझे बाबा किती खूश आहेत. आणि माझं पोरगं काय म्हणेल, आईला माझ्या लेकराचं एवढं पण होईना?" मेथी हातात तशीच. रडली नाही ती. मीच रडले. ती म्हणाली, "तू संदेशला सांगू नको हां. त्याला वाईट वाटंल."

संध्याकाळी बाबा आल्यावर तीच त्यांना सांगत होती, जाताना छोटीला चांदीचे वाळे न्यायचे, मोठी बॅग काढा, मी चालले आता नातीला न्हाऊ-माखू घालायला. दुपारचं तिला आठवत होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले आणि मला काही कळलं नाही.

तर दादा, मी दोघांचाही शब्द मोडून हे लिहितेय. तू रागावशील, चालेल. बाबा कदाचित माझ्याशी बोलणार नाहीत, त्याचीही तयारी आहे. एका न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतलीय पुढच्या आठवड्याची, मी तिला नेणार, बाबा आले तर बरं, नाही आले तरी. तू बाबांना समजाव, तुझं ऐकतात ते. जमलं तर ये, थोडे दिवस का होईना. पण आधी तिकीट रद्द कर.

कारण काहीही सांग. ऑफिसनं घरूनच काम दिलं म्हण, व्हिसाची भानगड म्हण, बाळाला पाळणाघर मिळालं म्हण. तिच्या तब्येतीचं नाव काढू नकोस. फोनवर ती हट्ट करेल, "मी येते रे, मला काही त्रास नाही" असं म्हणेल, बाबा मागून होकार देतील, आणि तुला वाटेल आईचं मन मोडतोय आपण. वाटू दे. तू नाही म्हण दादा. तू नाही म्हटलंस तर तिला नाही म्हणावं लागणार नाही.

तुझी,
प्रियदर्शिनी